एक ना धड, भाराभर पेटंट

मराठी घरात मुलाला दोन गोष्टींची भीती घातली जाते. एक बागुलबुवा आणि दुसरी भाराभर चिंध्या. बागुलबुवा मूल शाळेत जाऊ लागलं की निवृत्त होतो. चिंध्या मात्र माणूस स्वतः निवृत्त होईपर्यंत पाठ सोडत नाहीत. मुलगा तबला शिकता शिकता चित्रं काढू लागला, चित्रं काढता काढता रेडिओ उघडून बसला, की कुठल्यातरी लग्नात, कुठल्यातरी आत्या पंगतीत वाकून सांगतातच, "अरे, एक काहीतरी धड कर." मुलगा घाबरतो, रेडिओ बंद करतो आणि पुढे तीस वर्षं एकच काम करून आपण ते धड करतोय असं स्वतःला समजावत राहतो.

या आत्याबाईंना इमानुएल गोल्डबर्ग भेटले नाहीत हे त्या दोघांचंही नशीब. हा गृहस्थ १८८१ साली मॉस्कोत जन्मला आणि १९७० साली तेल अवीवमध्ये वारला. मधल्या ८९ वर्षांत त्याने लोखंडावर जस्त चढवायची सुधारलेली रीत काढली, करडा रंग किती करडा आहे हे मोजायचं साधन बनवलं, छपाईत सुधारणा केल्या, हातात धरून चालवायचा सिनेमा कॅमेरा तयार केला, अख्खा मजकूर पूर्णविरामात बसवून दाखवला, होकायंत्रं बनवली आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून कागदांच्या ढिगातून हवा तो कागद प्रकाशाच्या साहाय्याने शोधून देणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्याकडे असा बायोडाटा घेऊन कोणी मुलाखतीला आला, तर साहेब पहिला प्रश्न विचारतील, "म्हणजे तुम्ही कुठेच टिकला नाहीत?"

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. उभा जन्म सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेला. कोणतीही गोष्ट खात्यात बसल्याशिवाय त्यांच्या डोक्यात शिरत नाही. संध्याकाळी बाकावर बसून मी त्यांना गोल्डबर्गांची यादी ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, तपकिरीची डबी खिशात ठेवली आणि म्हणाले, "ते सगळं ठीक. पण त्यांचा विषय काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे फाइल कुठल्या खात्यात लावायची?"

मी तेव्हा हसलो. पण गोल्डबर्गांच्या बाबतीत साऱ्या विसाव्या शतकाला हाच प्रश्न पडला होता आणि उत्तर सापडेना म्हणून शतकाने त्यांची फाइल खाली ठेवून दिली, असं आता वाटतं.

मुळात गोल्डबर्गांना इंजिनियर व्हायचं होतं. पण झारच्या रशियात ज्यू मुलासाठी तंत्रशाळेचं दार बंद होतं. म्हणून ते रसायनशास्त्राकडे वळले. दार बंद झालं की आपण दारासमोर बसून व्यवस्थेला शिव्या देतो. ती आपली एक परंपराच आहे. गोल्डबर्गांनी तो वेळ वाया घालवला नाही. १९०२ साली, एकविशीत, त्यांनी विजेच्या साहाय्याने लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याची पद्धत सुधारली. ज्यांच्या घरात कधीकाळी जस्ती बादली होती त्यांनी इथे मान डोलवायला हरकत नाही. पुढे इंटरनेटच्या काळाला हेवा वाटावा असं यंत्र करणाऱ्या माणसाची सुरुवात गंज थोपवण्यापासून झाली.

मग ते जर्मनीत गेले. १९०६ साली लाइपझिगला डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या ग्राफिक कला आणि ग्रंथकलेच्या शाही अकादमीत रुजू झाले. काम होतं छापखान्याचं. छापखान्याची मूळ अडचण अशी की शाई काळी, कागद पांढरा आणि फोटोत मात्र सगळा मामला करडा. मग करडा रंग आणायचा कुठून? छापखान्याने यावर उघड फसवणुकीचा मार्ग काढला आहे. तो बारीक-मोठे काळे ठिपके मारतो आणि करडा समजून घ्यायची जबाबदारी वाचकावर टाकतो. वर्तमानपत्रातला पुढाऱ्याचा फोटो भिंगाखाली धरून पाहा. पुढारी नाहीसा होतो आणि नुसते ठिपके उरतात. काही पुढाऱ्यांच्या बाबतीत भिंगही लागत नाही.

पण ही फसवणूक नेमकी करायची तर करड्याचं माप हवं. गोल्डबर्गांनी १९१० च्या सुमारास त्यासाठी एक पाचर बनवली. जिलेटिनमध्ये कोणत्याही रंगाकडे न झुकणारं काळं द्रव्य मिसळायचं आणि ते काचेवर असं ओतायचं की एका कडेला थर अगदी पातळ आणि दुसऱ्या कडेला जाड. पातळ बाजूने भरपूर उजेड आरपार जातो, जाड बाजूने जवळजवळ नाहीच, आणि मधल्या प्रत्येक जागी किती जातो ते ठाऊक असतं. आपल्याकडे पाचर मारायचीच पद्धत आहे. या माणसाने ती मोजायला वापरली. सार्वजनिक जीवनात सगळं एक तर धुतल्या तांदळासारखं नाही तर डांबरासारखं असतं अशी खात्री बाळगणाऱ्यांना असल्या पाचरेची गरज कधीच वाटली नाही. फोटोग्राफीच्या प्रयोगशाळांत मात्र 'गोल्डबर्ग वेज' हे नाव पक्कं झालं. १९२२ साली त्यांनी फोटोतल्या छटा कशा घडतात यावर पुस्तकही लिहिलं. इथपर्यंत आमच्या काकांची तक्रार नव्हती. "फोटोग्राफी खातं," ते म्हणाले. "चला, लागली फाइल."

लागलेली फाइल गोल्डबर्गांनी स्वतःच उपसली. १९१७ साली ते ड्रेस्डेनला इका नावाच्या कॅमेरा कंपनीत गेले. त्या काळी सिनेमा घ्यायचा म्हणजे तिकाटणं रोवायचं, त्यावर कॅमेरा चढवायचा आणि एका हाताने एकसारख्या लयीत दांडा फिरवायचा. दळण आणि चित्रण यांत तेव्हा फारसा फरक नव्हता. १९२१ च्या सुमारास आलेला त्यांचा किनामो कॅमेरा एवढुसा होता, आणि नंतर त्यात किल्लीची स्प्रिंग बसल्यावर दांडा फिरवणारा हात मोकळा झाला. माणूस चालत, वाकत, पुलावर चढत चित्रण करू लागला. डच दिग्दर्शक योरिस इवेन्स याने रॉटरडॅमच्या रेल्वेपुलावरचा १९२८ सालचा 'द ब्रिज' हा गाजलेला माहितीपट किनामोनेच घेतला. गोल्डबर्गांनी स्वतः बायकामुलांना घेऊन या कॅमेऱ्याच्या जाहिरातीसाठी छोटे चित्रपट काढले. कुटुंबाला वेळ देत नाही, ही तक्रार आणि जाहिरातीचा खर्च, दोन्ही एकाच रिळात मिटवणारा हा एकमेव संचालक असावा.

होय, तोवर ते संचालक झाले होते. १९२६ साली इका आणि आणखी तीन कंपन्या मिळून त्साइस इकॉन ही मोठी कंपनी झाली आणि तिची सूत्रं त्यांच्याकडे आली. १९३२ साली बाजारात आलेला कॉन्टॅक्स हा नावाजलेला कॅमेरा त्यांच्याच कारकिर्दीतला. आपल्याकडे माणूस साहेब झाला की त्याच्या हातात फक्त सहीचं पेन उरतं. यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काही सुटेना.

आता गंमत सुरू होते. १९२५ साली पॅरिसला फोटोग्राफीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे गोल्डबर्गांनी मजकुराचं पान इतकं लहान करून दाखवलं की त्याचा ठिपका झाला. त्या हिशेबाने एका चौरस इंचात संपूर्ण बायबलच्या पन्नास प्रती मावल्या असत्या. अक्षरं अर्थातच डोळ्यांनी दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शक लागतो. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना छापणाऱ्यांनी हे तंत्र लगेच उचलायला हवं होतं. त्यांनी ते अजून मनापासून उचललेलं नाही, जवळपास पोचले आहेत इतकंच.

"लहान केलं म्हणजे झालं का?" काका उसळून म्हणाले. "आम्ही फाइली वीतभर जाडीच्या ठेवायचो तरी सापडायच्या नाहीत. ठिपक्यातली फाइल शोधणार कोण?"

काकांना कळणार नाही, पण गोल्डबर्गांनाही नेमका हाच प्रश्न पडला असला पाहिजे. कारण ठिपक्यापाठोपाठ त्यांनी शोधयंत्र हाती घेतलं. जागा वाचवण्याचा उपाय आणि त्यातून होणाऱ्या हरवाहरवीवरचा उतारा, दोन्ही एकाच डोक्यातून निघाले. आमच्याकडे हरवणारं खातं वेगळं आणि शोधणारं वेगळं असतं, आणि दोघांमध्ये पत्रव्यवहार चालू असतो.

हे यंत्र चालतं कसं ते पाहण्यासारखं आहे. बँकेचे धनादेश, बिलं, पत्रं असे सगळे कागद आधी फिल्मवर उतरवायचे. प्रत्येक कागदाच्या चित्राशेजारी त्या कागदाची ओळख ठिपक्यांच्या सांकेतिक रचनेत नोंदवायची: तारीख, गिऱ्हाईक, रक्कम, जे काही लागेल ते. आता तुम्हाला अमुक गिऱ्हाइकाचं अमुक महिन्यातलं बिल हवं असेल, तर तीच रचना असलेली एक शोधपट्टी यंत्रात घालायची. फिल्म सरसर पुढे सरकते. उजेडाचा झोत फिल्ममधून आणि पट्टीतून जातो आणि पलीकडे प्रकाशविद्युत घट टक लावून बसलेला असतो. फिल्मवरचे ठिपके आणि पट्टीची रचना तंतोतंत जुळली की घटापर्यंत पोचणारा उजेड बदलतो, घटाला ते कळतं आणि तो पुढच्या यंत्रणेला इशारा देतो. मग सापडलेला कागद मोजायचा की त्याची प्रत काढायची, हे तुमच्या गरजेवर. या घटाला चहा लागत नाही, तो जेवायला जात नाही आणि "उद्या या" हे वाक्य त्याला बोलता येत नाही. सरकारी दप्तरांनी हे यंत्र हौसेने का स्वीकारलं नाही, याचा खुलासा इथेच होतो.

१९२८ साली अमेरिकेत अर्ज गेला आणि २९ डिसेंबर १९३१ रोजी पेटंट मिळालं. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या परिषदेत गोल्डबर्गांनी या विषयावर भाषणही केलं. म्हणजे यंत्र गुपचूप कपाटात नव्हतं. चारचौघांत मांडलेलं होतं. पण नाव काय ठेवलं? 'स्टॅटिस्टिकल मशीन'. मुलाचं नाव घासाराम ठेवावं आणि मग तो सिनेमात का चमकला नाही म्हणून हळहळावं, तसला हा प्रकार. आकडेवारीचं यंत्र म्हटल्यावर ग्रंथपाल तिकडे फिरकणार नाहीत, फोटोग्राफरही फिरकणार नाहीत, आणि आकडेवारीवाल्यांनी पाहिलं तरी त्यांना आत फिल्म दिसणार. तिघेही "आमचं खातं नव्हे" म्हणून पुढे गेले असतील तर दोष द्यायचा कोणाला?

पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. एप्रिल १९३३ मध्ये नाझींच्या तपकिरी सदऱ्यातल्या टोळीने गोल्डबर्गांना त्यांच्या कार्यालयातून उचलून नेलं. काही दिवसांनी सुटका झाली, पण जर्मनीतलं आयुष्य संपलं. ते पॅरिसला गेले आणि १९३७ साली पॅलेस्टाइनला. छप्पन्नाव्या वर्षी, जेव्हा आपल्याकडची माणसं भविष्यनिर्वाह निधीचे फॉर्म विचारत फिरतात, तेव्हा यांनी तेल अवीवमध्ये पहिल्यापासून प्रयोगशाळा उभारली आणि युद्धकाळात होकायंत्रांसारखी उपकरणं बनवली. काकांनी कपाळाला हात लावला. "आता हे नौकानयन खातं झालं."

ज्या जर्मनीने त्यांना हाकललं, तिच्या हेरांनी दुसऱ्या महायुद्धात सूक्ष्म ठिपक्यांचं तंत्र मनसोक्त वापरलं. पत्रात पूर्णविराम म्हणून चिकटवलेला ठिपका म्हणजे खरं तर कागदपत्राचा फोटो. युद्ध संपल्यावर १९४६ साली एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये या ठिपक्यावर लेख लिहिला आणि श्रेय दिलं ड्रेस्डेनच्या कोणा 'प्रोफेसर झाप' यांना. गाव बरोबर, माणूस चुकीचा. जगातल्या गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे शोधून ठेवणाऱ्या खात्याला एका शास्त्रज्ञाचं नाव शोधता आलं नाही.

यावर कडी केली ती व्हॅनेव्हार बुश यांनी. बुश हे अमेरिकेच्या युद्धकालीन विज्ञानखात्याचे प्रमुख, मोठा माणूस. त्यांनी १९३८ पासून एमआयटीत 'रॅपिड सिलेक्टर' नावाच्या यंत्रावर काम करून घेतलं: फिल्म, शेजारी ठिपके, उजेड आणि प्रकाशविद्युत घट. वाचकांना हे वर्णन कुठेतरी ऐकल्यासारखं वाटेल. पेटंट कार्यालयाच्या कपाटातही तसलंच एक आधीपासून होतं. मग जुलै १९४५ मध्ये 'अटलांटिक मंथली'त त्यांचा प्रसिद्ध निबंध आला. ज्ञान इतकं वाढलंय की हवं ते सापडत नाही, अशी त्यात तळमळ आहे. मेंडेलचं आनुवंशिकतेवरचं संशोधन योग्य माणसांपर्यंत न पोचल्यामुळे पिढीभर हरवून राहिलं, याबद्दल हळहळ आहे. त्यावरचा उपाय म्हणून मेमेक्स नावाच्या काल्पनिक शोधयंत्राचं वर्णन आहे. गोल्डबर्ग यांचं नाव मात्र नाही. कामं कशी हरवतात यावरच्या इतक्या उत्तम लेखात त्याचं इतकं उत्तम उदाहरण न सांगता देणं कोणालाही साधत नाही. पुढे संगणकाच्या जगाने त्या निबंधाला आद्यग्रंथ मानलं. काखेत कळसा होता आणि वळसा भविष्यकाळाला पडला.

गोल्डबर्गांना दुर्लक्षित म्हणणंही तितकंसं खरं नाही. १९६८ साली त्यांना इस्राएल पारितोषिक मिळालं. फोटोग्राफीवाल्यांना त्यांची पाचर ठाऊक होती, कॅमेरेवाल्यांना किनामो, हेरकथावाल्यांना ठिपका. ही सगळी एकाच माणसाची कामं आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. हे तुकडे जुळवायला बर्कलीचे एक प्राध्यापक लागले: मायकल बकलंड. त्यांनी २००६ साली गोल्डबर्गांचं सविस्तर चरित्र प्रसिद्ध केलं. त्यांचा विषय ग्रंथालय आणि माहितीशास्त्र. शेवटी हरवलेली फाइल रेकॉर्ड रूमवाल्यालाच सापडली, हे ऐकून आमचे काका दोन दिवस छाती काढून फिरत होते.

हे दुखणं परदेशापुरतं आहे असं समजू नका. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे आठवा. आठवले नाहीत ना? तेच म्हणतोय. वजन करून माल आपोआप भरणारं यंत्र, छपाईचे खिळे पाडणारं यंत्र, आयोडिनचं औषध असा त्यांचा पसारा लंडन-न्यूयॉर्कपर्यंत होता आणि 'भारतीय एडिसन' अशी त्यांची ख्याती होती. आपण त्यांचं नाव कुठल्या धड्यात घालायचं ते ठरवू शकलो नाही. यंत्रांच्या धड्यात औषध बसेना आणि औषधांच्या धड्यात खिळे.

पुन्हा गोल्डबर्गांकडे पाहा. ठिपक्यांनी करडा भासवणं, पाचरेने उजेड मोजणं, पान ठिपक्याएवढं करणं आणि उजेडाने ठिपके ओळखून पान परत काढणं. या चार वेगवेगळ्या कामांत वेगळं काय आहे? आयुष्यभर माणूस एकच प्रश्न सोडवत होता: उजेड कुठून किती आरपार जातो. विषय बदलले ते आपल्या नोंदवहीत. जस्ताचा मुलामा आणि होकायंत्र या हिशेबात बसत नाहीत हे मी काकांपुढे कबूल केलं. काकांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "ती दोन 'संकीर्ण'मध्ये टाका." जगाने चूक केली ती एवढीच की दोनच कागद जायचे तिथे अख्खा माणूस टाकला.

पैशांचं म्हणाल, तर त्या काळी अमेरिकन पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं चालायचं. म्हणजे गोल्डबर्गांची मक्तेदारी १९४८ च्या अखेरीस संपली. गूगल कंपनी स्थापन झाली १९९८ साली. पेटंट संपून पन्नास वर्षं होत आली, तेव्हा शोध या गोष्टीला खरं गिऱ्हाईक मिळालं. फार लवकर दुकान उघडणाऱ्याला भाडंच भरावं लागतं.

तेव्हा पुढच्या लग्नात पंगतीला बसलेल्या तमाम आत्यांना एक विनंती. तबला, चित्रं आणि उघडलेला रेडिओ यांत तुम्हाला चिंध्या दिसत असतील, तर मुलाला गप्प बसवण्याआधी त्याला एकदा विचारा, या तिन्हींत तुला काय सापडतंय? कदाचित एकच धागा निघेल. आणि ज्यांच्या हाती नोंदवह्या आहेत त्यांनी अशा माणसाची फाइल प्रत्येक खात्यात एकेक प्रत लावून ठेवावी. कागद हल्ली स्वस्त आहे. खात्री करायची असेल तर अमेरिकन पेटंट क्रमांक १८३८३८९ शोधून पाहा. लगेच सापडतं.